शून्याच्या पुढे लागत नाही

शनिशिंगणापूर
५ सप्टेंबर १९९९

ती. दादास,

सा. न. वि. वि.

लॅपटॉप आला. सोनईचे एक गृहस्थ मस्कतहून सुट्टीवर आले, त्यांच्याबरोबर ह्यांनी पाठवला, दोन ब्लँकेटांत गुंडाळून, जसं काही तान्हं बाळच. नवा कोरा आहे. ह्यांच्या वाळवंटातल्या कॅम्पवर कामगारांना फोन नाही, पण जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून ईमेल करू देतात. म्हणून हा खटाटोप. बाळंतपण होईपर्यंत रोज दोन ओळी तरी लिहीन, असं वचन दिलंय त्यांनी.

पण वचन पोचणार कसं? तू सांगितलंस तसं सगळं केलं. जोडणीला तुझं खातं, तुझा पासवर्ड, पुण्याचा नंबर, सगळं भरलं; पत्रांची पेटी मात्र माझी वेगळी, ती तुलाही उघडता यायची नाही. फोनची वायर काढून लॅपटॉपच्या कुशीतल्या भोकात घातली. बटण दाबलं की आत टक्क होतं आणि पाटी येते, ‘नो डायल टोन’. अरे, टोन मला रिसीव्हरमध्ये खणखणीत ऐकू येतो! बहिरा माल तर नाही ना गळ्यात मारला ह्यांच्या?

मामंजी देवळापुढच्या आपल्या हारांच्या दुकानातून येता-जाता डोकावतात. काल रुईच्या पानांचा एक हार त्या लॅपटॉपलाही घातला त्यांनी. म्हणाले, “नवं हाय, बुजलंय. व्हईल सरळ.”

तुझ्या खोलीवर फोन नाही आणि ऑफिसात केला तर तुझे साहेब डोळे वटारतात, म्हणून पत्र. इथल्या बूथवर जाऊन बोलले असते, पण सातवा सरत आलाय आणि आत्याबाई मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. गेल्या वेळचा धसका आहे त्यांना. मलाही आहे, तुला म्हणून सांगते. आई असती तर बाळंतपणाला माहेरी आले असते. आता तुझ्या एका खोलीत स्टोव्हपाशी निजू का?

लवकर लिही.
तुझी,
आशू


पुणे
१० सप्टेंबर १९९९

चि. आशूस,

अनेक आशीर्वाद.

बहिरा नाही गं, परदेशी आहे. तिकडच्या फोनचा टोन वेगळा असतो. आपला टोन ऐकून त्याला वाटतं, ही भलतीच कसली तरी गुणगुण चाललीय. म्हणून तो नंबर फिरवायची वाटच बघत बसतो.

कंट्रोल पॅनेल उघड, त्यात मोडेम, त्यात प्रॉपर्टीज. तिथे ‘डायल करण्याआधी टोनची वाट पाहा’ अशा अर्थाची एक ओळ आहे, तिच्यापुढची टिक काढून टाक. मग तो मुकाट्याने नंबर फिरवेल. लागला की आधी शिट्ट्या, मग कुणी पत्रा ओढल्यासारखी खरखर होईल. घाबरून वायर उपटू नकोस.

पुण्याचा नंबर म्हणजे एसटीडी, तेव्हा पत्रं आधी लिहून ठेव आणि लागल्यावर धाड. गोळ्या घेतेस ना? जड उचलू नकोस. लॅपटॉपसुद्धा नाही.

तुझा,
तुषारदादा


शनिशिंगणापूर
२८ सप्टेंबर १९९९

ती. दादास,

सा. न.

तुझ्या तोंडात साखर पडो! टिक काढली आणि लागला. खरखर ऐकून आत्याबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या होत्या. ह्यांचे ईमेल रोज येत होते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, ते वाचता वाचता माझी हसून पुरेवाट. ‘काल’ की ‘कळ’ तेच कळत नाही. आत्याबाईंना वाचून दाखवायचे, त्या पदर तोंडाला लावून ऐकायच्या. मुलगी झाली तर नाव मी ठेवायचं आणि मुलगा झाला तर त्यांनी, असं ठरवलं आम्ही. सगळं तारेवरून. मधे समुद्र आहे हे विसरायलाच होत होतं, दादा.

आणि आता आठवडा झाला, बंद. ह्या वेळी पाटी वेगळी आहे, ‘लाइन बिझी’. सकाळी बिझी, दुपारी बिझी, जेवणं उरकल्यावर बिझी. पुण्याचे सगळे लोक एकदम बसतात का रे कॉम्प्युटरवर? मी काही हलवलं नाही, काही दाबलं नाही. आधी चालत होतं ते आपोआप कसं बंद पडेल?

ह्यांच्या शेवटच्या मेलमध्ये होतं, “उद्या मोठ्या केबलचं काम आहे, दमायला होणार.” त्यानंतरचं काहीच माहीत नाही. तसं काही नसेलच. पण मन चिंती ते वैरी न चिंती, असं आई म्हणायची— जाऊ दे. तू लवकर सांग काय करू ते.

आशू


पुणे
३ ऑक्टोबर १९९९

चि. आशूस,

आशीर्वाद.

पुण्याचा नंबर बिझी नाही. मी इथून रोज लावतो. म्हणजे दोष तुझ्याकडे आहे, आणि तो लॅपटॉपमध्ये आहे की फोनमध्ये, हे आधी ठरवायला हवं. मी सांगतो तसं कर आणि जे होईल ते जसंच्या तसं लिही. स्वतःचा तर्क लढवू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे.

लॅपटॉप बाजूला ठेव. रिसीव्हर कानाला लाव आणि हाताने नंबर दाब, एकेक आकडा. कुठल्या आकड्यावर आवाज बदलतो ते बघ. मग गावातल्या गावात कुणाला तरी फोन लावून बघ. आणि एक, फोनला एसटीडीचं लॉक तर नाही ना? एक्स्चेंजमधून कोड घेऊन लावता येतं ते. माझ्या घरमालकाने लावलंय.

करणराव ठीक असतील. कामाचा माणूस आहे. नागापूरच्या कारखान्यात होते तेव्हाही आठवडा-आठवडा तोंड दाखवत नव्हते, आठवतं ना?

तुषारदादा


शनिशिंगणापूर
८ ऑक्टोबर १९९९

ती. दादास,

सा. न.

तू सांगितलंस तसं केलं. गावातले फोन लागतात. शनिवारच्या गर्दीचं विचारायला कानिफनाथ हारवाल्यांना लावला, झटकन लागला. मग पुण्याचा. हाताने शून्य दाबला आणि पुढचा आकडा दाबायच्या आतच कानात टुक-टुक सुरू, एंगेजची. शून्याच्या पुढे जातच नाही. दहादा केलं. दहाही वेळा तेच.

आणि लॉकचं काय विचारतोस? पुण्यात राहून पार पुणेकर झालास. अरे, ज्या घरात दोन वर्षं नांदतेय त्या घराला दार नाही. कपाटाला कडी नाही. माझे दागिने डब्यात, डबा फळीवर. कुत्रं येऊ नये म्हणून चौकटीला फळी लावतो, तेवढीच काय ती आमची सुरक्षा. आणि फोनला कुलूप लावायचं? मामंजींना हे वाचून दाखवणार होते, पण म्हटलं तुझी उगाच शोभा होईल.

त्यांची मला काळजी वाटते, दादा. दुकान आत्याबाईंवर टाकून दिवसभर घरात बसतात, फोनजवळ. परवा फोन वाजला तर माझ्याआधी धावले. म्हणाले, “राँग नंबर हाय.” पण राँग नंबर असून किती वेळ ऐकत उभे होते! मग चष्मा पुसत बाहेर गेले. वय झालं असेल. मी विचारलं, तर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तू निज जा, पोरी.”

काही सुचत नाही. पोटात बाळ लाथा मारतं तेवढाच धीर. ह्यांनी काही लिहिलं असेल आणि ते कुठेतरी अडकून पडलं असेल, ह्या विचाराने जेवण जात नाही. शून्याच्या पुढे जाण्याचा मार्ग सांग.

आशू


शनिशिंगणापूर
९ ऑक्टोबर १९९९

चि. तुषारराव यांस,

सहादूचा रामराम.

लिवायची सवय न्हाई. संबाळून घ्या. हे पत्र वाचून झालं की जाळून टाका.

आमच्या करनच्या पायावरून केबलचा मोटा ड्रम गेला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. जीव वाचला. त्याच्यासंगं काम करनाऱ्या केरळच्या पोरानं दवाखान्यातनं फोन करून सांगितलं. घरात त्या टायमाला मी एकलाच हुतो. त्याच दिशी सोनईला एक्स्चेंजात गेल्तो आन् फोनला बाहेरगावचं लाक करून आनलं. न्हाईतर त्या यंत्रातून पोरीला समदं कळलं असतं.

तुमी म्हनाल, का लपवलं. मागल्या साली तुमच्या आईची खबर फोनवर आली, आन् त्याच रातीला पोरीचं पोट गेलं. तिला आमी कसं सावरलं ते आमचं आमाला ठावं. आता म्हैन्यावर आलंय. बाळ हातात येऊ द्या, मग म्याच सांगीन. तिच्या सासूलाबी सांगितलं न्हाई. बाईच्या पोटात ऱ्हानार न्हाई.

आमच्या वाडवडलांनी कदी कुलूप घेतलं न्हाई हातात. देव राखतो म्हनत्यात. म्या लावलं. तवापासनं डोळ्याला डोळा न्हाई. काई इपरीत झालं तर ते माज्यामुळंच, आसं सारकं वाटतंय.

दवाखान्यातनं करनचा दोनदा फोन आला. आशूला दे म्हनला. म्या सांगितलं, निजलीय. आता तिसऱ्यांदा काय सांगू?

तुमी काम्पुटरवाले. पोरीचा तुमच्यावर इस्वास. काईतरी सांगून तिला थोपवून धरा. पाया पडतो.

सहादू


पुणे
१५ ऑक्टोबर १९९९

चि. आशूस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं सविस्तर पत्र मिळालं. छान लिहिलंयस. मी आमच्या हार्डवेअरच्या माणसाशी बोललो. त्याचं म्हणणं आणि माझंही, की मोडेम जळलं असावं. तुमच्याकडे मध्यंतरी विजा कडाडल्या असतील ना? वीज फोनच्या तारेतून येते आणि मोडेममधला एक नाजूक भाग जातो. अगदी नेहमीची गोष्ट आहे. काळजीचं काही कारण नाही. नवं मोडेम कार्ड मागवावं लागेल, ते मुंबईहून येतं, त्याला वेळ लागतो. आलं की मी स्वतः घेऊन येईन आणि बसवून देईन. दिवाळीनंतर म्हण.

तोवर लॅपटॉप बंद करून ठेव. वायरही लावू नकोस, शॉक बसायचा. करणरावांकडून काही आलं असेल तर ते कुठे जात नाही, पेटीत पडून राहतं. तू विश्रांती घे. चांगलं जेव. हलकंफुलकं वाच. मामंजींना त्रास देऊ नकोस, ते तुझ्यासाठीच घरात बसत असतील.

तुझा,
तुषारदादा


शनिशिंगणापूर
२४ ऑक्टोबर १९९९

दादा,

कार्डाचं काय झालं?

लॅपटॉप बंद करून ठेवला आहे. तू सांगितलंस म्हणून. तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ तू मला कधी लिहिलेस? तू मला जेव, झोप, वाच म्हणतोस आणि मला फक्त एक हवंय, ह्यांनी लिहिलेली एक ओळ. वाईट असली तरी चालेल. कळत नाही हेच सहन होत नाही. मामंजी आता अंथरूणही फोनजवळ घालतात. मला जपतात की फोनला, तेच समजेना.

आशू


पुणे
२९ ऑक्टोबर १९९९

ती. सहादूमामांस,

कृतानेक नमस्कार.

तुम्ही सांगितलंत ते मी केलं. माझ्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. आईची खबर त्या वेळी फोनवरून मीच दिली होती, म्हणून मला तुमचं म्हणणं नाकारता आलं नाही. पण तिचं काल आलेलं पत्र वाचून वाटतं, आपण दोघांनी तिची काळजी कमी केली नाही, वाढवली. खरं कळलं तर ती रडेल. न कळल्यानं ती झुरते आहे.

मामा, लॉक काढा. तुम्हाला सांगवत नसेल तर मी येतो आणि सांगतो. मंगळवारी निघतो. मी येईपर्यंत तिला एकटं सोडू नका.

आपला,
तुषार


शनिशिंगणापूर
१ नोव्हेंबर १९९९

दादा,

तू मंगळवारी निघणार आहेस, असं मामंजींना लिहिलेल्या पत्रात आहे. ते पत्र मी आज वाचलं. त्यांनीच हातात दिलं. त्याच्या आधी काय काय झालं ते ऐक. तू येशील तेव्हा मी बोलेन की नाही सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवते. टपालात टाकत नाही, आलास की इथेच वाच.

तू मला म्हणायचास, तर्क लढवू नकोस. लढवला. परवा दुपारी तुझी सगळी पत्रं पुढ्यात घेऊन बसले. मोडेम जळलं म्हणतोस. पण शून्यावर एंगेज मला लॅपटॉपमध्ये नाही, रिसीव्हरमध्ये ऐकू आलं होतं! लॅपटॉप तर तुझ्याच सांगण्यावरून बाजूला ठेवला होता. जळलेल्या मोडेमचा माझ्या कानाशी काय संबंध? शाळेतल्या पोरालाही कळेल. मग तुला का कळलं नाही? तू तर रेडिओचा एक स्क्रू सापडेना म्हणून जेवण टाकून बसणारा. आणि ज्या लॉकचा प्रश्न तूच विचारलास, त्याचा पुढे शब्दही नाही. म्हणजे तुला उत्तर मिळालं होतं. माझ्याकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून.

आत्याबाईंना म्हटलं, “आपल्या फोनला कुलूप आहे.” त्या हसल्याच. मग माझं तोंड बघून हसू थांबलं. मी रडून म्हटलं, “तुमच्या मुलाचं काहीतरी झालंय, आणि मला पुण्याला फोन लावू द्यायचा नाही म्हणून हे केलंय.” मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी गोधडी काढली, लॅपटॉप गुंडाळून काखेत मारला आणि म्हणाल्या, “चल. हळूहळू चल. माझा हात धर.” नऊ महिने मला उंबरा ओलांडू न देणारी बाई.

देवळामागच्या बूथवर तेल-नारळवाल्यांची गर्दी. बूथवाल्याला म्हटलं, तुमच्या फोनची वायर जरा काढू द्या. तो आमच्याकडे येड्यासारखा बघत राहिला, पण आत्याबाईंसमोर कोण बोलणार? वायर लावली. बटण दाबलं. शून्य गेला. त्याच्या पुढचे आकडे गेले. शिट्ट्या झाल्या, पत्रा ओढला. पेटीत ढीगभर पत्रं होती.

पहिलं त्यांच्या केरळच्या मित्राचं, इंग्रजीत. ते वाचून मी स्टुलावर बसले. आत्याबाईंना काय सांगू? सांगितलं. पाय गेला, जीव आहे. त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “हाय ना पर? बोलतोय ना? मंग पुढचं वाच.”

पुढची सगळी ह्यांची होती, दादा, दवाखान्यातून मित्राकरवी धाडलेली. पहिल्यात लिहिलंय, “बाबांना कळवलंय, तुला सांगितलं असेल. रडू नकोस.” मग, “फोन केला, बाबा म्हणाले निजलीस.” मग, “परत फोन केला. परत निजली होतीस.” मग दोन-तीन दिवस काहीच नाही. आणि मग एक: “अश्विनी, तुला लंगडा नवरा नको असेल तर तसं स्पष्ट लिही. मी रागावणार नाही. फक्त बाळाचं कळव.”

इकडे तुम्ही दोघं मला वाचवत होता. आणि तिकडे तो माणूस पाय कापून पडलेला, रोज त्या मित्राला विचारायचा, आलं का काही. त्याला वाटलं, बायकोनं टाकलं. इतके दिवस वाटत राहिलं. ह्याचा राग माझ्या मनातून कधी जाईल मला माहीत नाही. आईच्या वेळी माझं बाळ गेलं ते खबर कळल्यामुळे गेलं, असं तुम्ही दोघांनीच ठरवून टाकलंत. मला कुणी विचारलं? डॉक्टरीण तेव्हाच म्हणाली होती की ते आधीपासूनच नीट नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

तिथल्या तिथे मी त्यांना लिहिलं. इंग्रजी अक्षरं दिसत नव्हती. लिहिलं, “मला आजच कळलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. पाय नसला तर नसू दे, तुम्ही हवे. घरी या.” त्यांचं उत्तर आज आलंय, पण ते तुला दाखवायचं नाही.

घरी आलो तर मामंजी फोनजवळच. आत्याबाईंनी गोधडी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “देवाच्या गावात ऱ्हाऊन कुलूप लावलंत. आन् भाएर कुनाला ठिवलंत? आपल्याच लेकराला.”  मामंजींनी फोन ओढून घेतला आणि चष्म्याशिवायच कोडाचे आकडे दाबायला लागले. दोनदा चुकले. मग माझ्याकडे रिसीव्हर धरला आणि लहान पोरासारखे रडायला लागले. मीही रडले. त्यांच्यावर मला राग धरता येत नाही, तो सगळा तुझ्या वाट्याला आलाय. तू माझा दादा आहेस, तू खोटं लिहायचं नव्हतंस.

पुढच्या महिन्यात ह्यांना कंपनी परत पाठवणार आहे. मुंबईला आणायला तू जा. मामंजींना ते जमायचं नाही आणि मला कुणी जाऊ देणार नाही. ते एवढं केलंस तर बोलेन तुझ्याशी.

डॉक्टरीणबाई सकाळीच तपासून गेल्या. बाळाचे ठोके नीट आहेत.

तेव्हा ते कार्ड मुंबईहून मागवू नकोस. मोडेम धडधाकट आहे, आणि मीही.

तुझी,
आशू